टिपणीस बाईंचा अगस्ती

पहाटे फोन वाजला की माणूस वाईटच धरून चालतो. कोण गेलं, कोणाला ॲडमिट केलं, नको नको ते मनात येतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच आठवड्यात असा फोन आला. बाहेर मिट्ट काळोख. चाचपडत उचलला, तर पलीकडून खणखणीत आवाज, "चौथ्या मजल्यावरून टिपणीस बोलतेय. तुमच्या बाथरूमचा दिवा चालू राहिलाय. घालवा."

आणि फोन बंद. बायको उठून बसलेली. "अहो, कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. दिवा घालवायचाय." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी निमूटपणे उठून दिवा घालवून आलो.

संध्याकाळी तणतणतच वर गेलेलो. डोंबिवलीतली आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही. त्यामुळे चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत निम्मा राग श्वासातच जातो. दार बाईंनीच उघडलं. गाऊन, त्यावर ओढणीसारखा घेतलेला पंचा, कपाळावर चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा चष्मा. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "या, बसा. तुमच्या दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो आणि भिंतीवरून माझ्या फोटोत येतो. दाखवते." त्यांनी टीव्हीवर एक फोटो लावला. सगळा काळाकुट्ट, खाली कोपऱ्यात पिवळट डाग. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा तुमचा बाथरूम."

आपल्या बाथरूमची अशी ओळख करून दिल्यावर माणूस काय डोंबल भांडणार? चहा पिऊन खाली आलो.

टिपणीस बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी ठाण्यात आणि त्यातली बहुतेक रात्रपाळी. त्या काळी लोक एक्स्चेंजला सांगून ठेवायचे, उद्या मला अमुक वाजता उठवा. कोणाची परीक्षा, कोणाची गाडी, कोणाची मुंज. बाईंनी अर्ध्या ठाण्याला झोपेतून उठवलेलं. रिटायर झाल्या, पण पहाटेची झोप काही परत आली नाही. मग जागं राहून करायचं काय, तर गच्चीवर जाऊन आकाशाचे फोटो काढायचे. कॅमेरा जावयाने टाकून दिलेला. लेन्सला बुरशी धरलेली, ती बाईंनी नौपाड्यातल्या एका दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर बसून साफ करून घेतली. तो बिचारा पुढे त्यांना लांबून बघूनच "झालंय बाई, उद्या देतो" म्हणायचा.

त्यांची भाषा शेवटपर्यंत एक्स्चेंजचीच राहिली. आभाळ निरभ्र असलं की "लाईन क्लिअर आहे". ढग आले की "एंगेज". फोटो काढताना बटण दाबल्यावर कॅमेऱ्याचा डोळा काही सेकंद उघडा ठेवायचा असतो, तेव्हा त्या मनात सेकंद मोजत नसत. मोठ्याने "हॅलो एक, हॅलो दोन, हॅलो तीन" असं म्हणत. वाऱ्याने स्टँड हलू नये म्हणून त्याला तुरडाळीची पिशवी बांधलेली. लेन्सवर दव बसू नये म्हणून तिला नानांचा पायमोजा घातलेला. काळोखाला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल पतंगाचा कागद. खालच्या रस्त्यावरून पहाटे जाणाऱ्या दूधवाल्याला गच्चीच्या कठड्यावर एक लाल ठिणगी हलताना दिसायची आणि "हॅलो, हॅलो" असा बाईचा आवाज यायचा. त्याने आमच्या बिल्डिंगला दूध घालायचं बंद केलं ते उगाच नाही.

आता नाना. नाना म्हणजे बाईंचे यजमान. कल्याणच्या कोर्टात कारकून होते. बारीक, ताठ, बोलणं मोजून मापून, आणि घरातसुद्धा प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायचे. "भाजीत मीठ जास्त झालंय" म्हटलं तरी "कशावरून?" दोघांचा संसार म्हणजे एक ऑपरेटर आणि एक कोर्ट. त्यात एक खटला लग्न झाल्यापासून चाललेला, त्याचं नाव अगस्ती.

अगस्ती म्हणजे तारा. पावसाळा सरत आला की पहाटे दक्षिणेकडे खाली क्षितिजालगत दिसायला लागतो. तो उगवला की गढूळ पाणी निवळतं असं मानतात. नानांच्या कोकणातल्या घरी त्यांची आई त्या पहाटे अंगणात उभी राहून अगस्तीला तांब्याभर पाण्याचं अर्घ्य द्यायची. बाई लग्न होऊन आल्या, त्यांनीही एक-दोनदा बघितलेलं. मग दोघं डोंबिवलीला आले. पंचांगात अगस्तिदर्शन छापलेलं असायचं. नाना ते मोठ्याने वाचायचे आणि वर म्हणायचे, "छापतात आपले. डोंबिवलीतून अगस्ती दिसत नाही."

बाई म्हणायच्या, दिसतो. मलंगगडाच्या उजव्या खांद्यावर दिसतो, मी रात्रपाळीहून येताना बघितलाय.

"तोंडी साक्ष चालत नाही," नाना म्हणायचे.

"मग गच्चीवर चला, दाखवते."

"कोर्ट उठून साक्षीदाराच्या दारी जात नसतं. पुरावा इथे दाखल करा."

म्हणून कॅमेरा. बाकीचे लोक तीर्थयात्रेला जातात, योगासनं करतात; बाईंनी कॅमेऱ्याचं पुस्तक आणून पाठ केलं. मलंगगडाच्या खांद्यावरचा अगस्ती एकदा फोटोत पकडायचा आणि नानांच्या तोंडावर टाकायचा, एवढंच त्यांना पाहिजे होतं. पण अगस्ती पुढे थंडीतही दिसला तरी नानांना पुरावा हवा तो पंचांगातल्या दर्शनाचा, आणि ते दिवस म्हणजे श्रावणअखेर ते गणपती, आणि त्या दिवसांत आमच्याकडे आभाळ कसं असतं ते सांगायला नको. सात-आठ वर्षं बाईंनी ढगांचे फोटो काढले. रोज पहाटे सोसायटीच्या ग्रुपवर एक काळा चौकोन यायचा आणि खाली "आज एंगेज". लोक न बघता हात जोडलेलं चित्र पाठवायचे. एकाने तर "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलेलं.

एका वर्षी गणपतीत आभाळ उघडलं. आमच्या सोसायटीचा गणपती खाली बसतो, त्याच्यावर ही रोषणाई, गच्चीपासून जमिनीपर्यंत माळा. बाई पहाटे उतरल्या आणि मीटरच्या खोलीत जाऊन एक फ्यूज ओढला. माळा विझल्या हे खरं, पण त्याच फ्यूजवर पाण्याचा पंप होता. वरची टाकी भरलीच नाही. सकाळी अख्खी बिल्डिंग तोंडाला साबण लावून उभी, नळातून नुसता फुस्स आवाज. कोणीतरी मला तसाच साबणासकट शिव्या घालत होता. रात्री सभा घेतली. मी सेक्रेटरी म्हणून बराच कडक चेहरा केला आणि म्हटलं, "बाई, याला काय अर्थ आहे? लोकांना पाणी मिळालं नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी दुपारी आलं की नाही?"

"आलं."

"अगस्ती दुपारी येतो का?"

मी इतिवृत्ताची वही मिटली आणि सभा संपवली. फोटो मिळालाच नव्हता, हे सांगायचं राहिलं. बाई फ्यूज ओढून चार मजले चढून वर जाईपर्यंत लाईन पुन्हा एंगेज झालेली.

आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी अगस्ती खरोखरच पकडला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मलंगगडाच्या उजव्या खांद्यावर लखलखीत ठिपका. बाईंनी त्याच दिवशी बेसनाचे लाडू वळले आणि घरोघर वाटले. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा फुललेला की मीपण उगाच अभिनंदन वगैरे केलं. नानांनी फोटो पुढून बघितला, मागून बघितला, आणि पुढच्या महिन्याचा एक फोटो मागवला. ठिपका तिथेच. तसूभर हललेला नाही. नाना म्हणाले, "तारा रोज सरकतो. हा सरकत नाही. सबब हा तारा नाही." चौकशी केली तर तो त्या बाजूला नव्याने उभारलेल्या मोबाईल टॉवरचा दिवा निघाला. दुसरी कोणी असती तर तोंड लपवून बसली असती. बाई पुन्हा घरोघर गेल्या. दार उघडलं की म्हणायच्या, "मागल्या महिन्याचं अभिनंदन परत घ्या. राँग नंबर लागला." लाडू मात्र कोणी परत मागितले नाहीत, आणि द्यायला उरलेही नव्हते.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण मग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर क्रेन आली.

तो प्लॉट म्हणजे बाईंची खिडकी होती. सगळीकडे बिल्डिंगा उठल्या, तेवढ्या फटीतून मलंगगड दिसायचा. तिथे आता बावीस मजल्यांचा टॉवर होणार, अशी पाटी लागली. श्रावण लागला तेव्हा स्लॅब आमच्या गच्चीच्या जवळपास आलेला. दिवाळीपर्यंत मलंगगड गडप होणार हे दिसतच होतं. वर रात्रभर काम चाललेलं, आणि त्याचे फ्लडलाइट असे की आमच्या गच्चीवर बसून पेपर वाचावा.

त्या दिवसांत बाई मला जिन्यात भेटल्या. नाना खाली पेपर आणायला गेलेले आणि पेपर न घेता वर आलेले, म्हणून त्या परत चाललेल्या. मी सहज म्हटलं, "सोडा ना बाई आता. आकाशात इतके तारे आहेत. दुसऱ्या कोणाचा तरी काढा."

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "सेक्रेटरी, तुम्हाला सांगते, कोणाला बोलू नका. नाना विसरायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. परवा मला विचारलं, तुमची ड्यूटी किती वाजता आहे? पण आमचं भांडण त्यांना अजून आठवतं. रोज सकाळी विचारतात, पुरावा मिळाला का? ते आठवतंय तोवर मला जिंकायचंय हो. नंतर कोणाशी जिंकू?"

मी आपलं म्हटलं, "मी आणतो पेपर."

दुसऱ्या दिवशी बाई थेट पाटलांकडे गेल्या. बाळाराम पाटील म्हणजे त्या जमिनीचे मालक. आजोबांची भातशेती, वडिलांची मिठागरावर नोकरी, आणि आता हे स्वतः गळ्यात साखळी घालून टॉवरच्या खाली खुर्ची टाकून बसायचे. बाई मलाही घेऊन गेल्या, सेक्रेटरी बरोबर असला की वजन पडतं म्हणून. मी नुसता उभा होतो.

"पाटील, तुमचे दिवे घालवा," बाई म्हणाल्या.

पाटलांनी वर बघितलं. "कवा?"

"पहाटे. गणपतीपर्यंत रोज."

"जल्ला, रोज!" पाटील खुर्चीतून अर्धे उठले. "नाय बाय, रोज नाय जमनार. कंत्राटदार बोंबलंल. पन तू म्हनतस तर एक दिस घालवतो. कंचा दिस ता तूच सांग."

एकच पहाट. श्रावणातल्या आभाळातून एक पहाट निवडायची. बाई दोन दिवस पंचांग आणि मोबाईलवरचा पावसाचा अंदाज आळीपाळीने बघत होत्या. शेवटी पिठोरी अमावास्या ठरली. चंद्र नाही, म्हणजे एक तरी दिवा कमी.

पिठोरीच्या आदल्या रात्री जो पाऊस सुरू झाला तो बघून मी बायकोला म्हटलं, संपलं. सुटलो. आणि झोपलो. पहाटे फोन. "टिपणीस बोलतेय. पाऊस थांबलाय. वर या. नानांना गच्चीवर न्यायचंय, एकटीला झेपणार नाही."

मी धावत गेलो. नाना दारात तयार. माकडटोपी, स्वेटर आणि हातात पाण्याने भरलेला तांब्या. मला वाटलं, भलत्याच कामाला निघालेत. बाई कानात म्हणाल्या, "स्थळपाहणी आहे म्हणून सांगितलंय. कोर्टाला स्थळपाहणीला यावं लागतं, तेव्हा कबूल झाले. तांब्या कशाला घेतलाय ते मला माहीत नाही. असू दे."

वर गच्ची ओली, कोपऱ्यात शेवाळं, आभाळात ढगच ढग. नानांना स्टुलावर बसवलं. समोरच्या टॉवरचे दिवे भकाभक चालू. मग खालून पाटलांचा आवाज आला, "बाय, घालवतो गं!" आणि एका झटक्यात सगळं काळं झालं. इतकी वर्षं डोंबिवलीत राहतोय, एवढा काळोख मी कधी बघितलेला नाही.

आम्ही थांबलो. डास चावत होते. नाना मधूनमधून विचारायचे, "आपण इथे कशाला आलोय?" बाई म्हणायच्या, "स्थळपाहणी." पुन्हा विचारायचे, पुन्हा "स्थळपाहणी". ज्या बाईने मला बाथरूमच्या दिव्यावरून झोपेतून उठवलेलं, तिचा आवाज एकदाही चढला नाही.

पूर्वेला जरा पांढरट व्हायला लागलं. मी मनात म्हटलं, आता काय दिसतंय. तेवढ्यात दक्षिणेकडचा ढग मधोमध फाटला. आधी मलंगगडाची रेघ दिसली, आणि तिच्या उजव्या खांद्यावर तो. थरथरत होता, ओला असल्यासारखा. मोठा होता हो! मी अगस्ती असा समोर कधीच बघितला नव्हता, खोटं कशाला बोलू.

बाईंनी पायमोजा उपटला, बटण दाबलं. "हॅलो एक, हॅलो दोन..."

आणि नाना उठले. सरळ चालत कॅमेऱ्याच्या पुढे गेले.

"नाना, बाजूला व्हा! लाईनीत येऊ नका!" बाई ओरडल्या. पण हात कॅमेऱ्याला लावता येईना, हलला तर सगळंच जाणार. नाना थांबले. दोन्ही हातांनी तांब्या वर उचलला, तोंडाने काहीतरी पुटपुटले आणि पाण्याची धार सोडली. मग सावकाश बाजूला झाले. "...हॅलो नऊ, हॅलो दहा," बाईंनी रडवेल्या आवाजात पुरं केलं.

मी म्हटलं, "बाई, दुसरा काढा! पटकन! आहे अजून!"

बाईंचं बोट बटणावर गेलेलं मी बघितलं. तेवढ्यात नानांचा पाय शेवाळ्यावर सरकला. बाईंनी कॅमेरा सोडला आणि त्यांचं कोपर धरलं. नाना म्हणाले, "एकदाच झालं. आई तीनदा द्यायची." त्यांनी तांब्या पुन्हा उचलायला घेतला. बाईंनी तांब्याला खालून आपला हात लावला.

"नाना, दिसला ना? बोला ना एकदा, दिसला."

"शू," नाना म्हणाले. "अर्घ्य देताना बोलू नये."

मी तिथे डाळीच्या पिशवीशेजारी उभा राहून नुसता तडफडत होतो. मला त्या कॅमेऱ्याचं बटण कुठलं तेसुद्धा माहीत नव्हतं. दुसरी धार झाली, तिसरी झाली, आणि ढग मिटला. खालून पाटील ओरडले, "बाय, जाला का?"

"झालं," बाई म्हणाल्या.

सकाळी टीव्हीवर तो एकच फोटो लावला. मलंगगड आलेला. टॉवरच्या सळया आलेल्या. आणि मधोमध नाना, पण अर्धेमुर्धे, धुरासारखे. थोडाच वेळ उभे राहिले आणि सरकले, म्हणून कॅमेऱ्याला तेही दिसले आणि त्यांच्या मागचंही दिसलं. माकडटोपी ओळखू येत होती. पाण्याची धार पांढरी रेघ झालेली. आणि अगस्ती बरोबर नानांच्या छातीतून आरपार दिसत होता. माझी बायको बघून म्हणाली, "अगं बाई, भूत!" नानांनी बराच वेळ फोटो बघितला आणि विचारलं, "हा गृहस्थ कोण?" बाईंनी आत जाऊन चहा टाकला.

दिवाळीच्या आत मलंगगड टॉवरच्या मागे गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलगी दोघांना घोडबंदर रोडला आपल्याकडे घेऊन गेली. चार मजले नानांना उतरवत नव्हते आणि एकदा उतरले की घर सापडत नव्हतं. जायच्या दिवशी बाईंनी मला बजावलं, "बाथरूमचा दिवा आता लावा खुशाल." मला चक्क वाईट वाटलं. पहाटे कोणी झापणारं राहिलं नाही की माणसाला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

मी त्यांना भेटायला गेलो ते एकदाच. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एवढा अडकलो की नाश्त्याला बोलावलेलं आणि जेवणाच्या वेळेला पोचलो. तरी बाईंनी माझ्यासाठी पोहे राखून ठेवलेले. शेजारच्या फ्लॅटमधल्या एक बाई आलेल्या. भिंतीवर तो फोटो, चांगला मोठा करून लावलेला. त्या शेजारीणबाई फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे काय आहे हो? काही कळत नाही."

नाना खिडकीजवळ खुर्चीत बसलेले. माझी त्यांना ओळख लागली नव्हती. पण हे ऐकल्यावर एकदम ताठ झाले. काठी उचलून फोटोकडे रोखली.

"तो ठिपका बघा. तो अगस्ती. डोंबिवलीतून दिसतो. लोक म्हणायचे, दिसत नाही. मी ह्यांना लग्न झाल्यापासून सांगत होतो, दिसतो म्हणून. ह्या म्हणायच्या, पुरावा काय? हा घ्या पुरावा."

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. त्या उठल्या, नानांच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खरंच सांगत होते हो," त्या शेजारणीला म्हणाल्या. "मीच ऐकत नव्हते."

नाना खूश होऊन हसले. त्यांच्या शर्टावर पोहे सांडलेले होते, ते बाई एकेक करून वेचत राहिल्या.